एक कौल कमी

मनोरीच्या तरीत पाइप आडवा मावेना.
उभा धरला, तर तरवाला म्हणाला,
तोफ घेऊन कुणावर चाललात, मास्तर?
मार्सेलीन बायकडे, म्हटलं.
मग त्याने भाडं एकाचंच घेतलं.
माझं की पाइपाचं, ते सांगितलं नाही.

काळा पत्रा आणलाय. पांढरा स्वस्त पडतो,
पण त्याच्यावरचं जस्त तापलं की छातीत उतरतं;
कुर्ल्याला आमचा अस्लम भर मे महिन्यात
दोन गोधड्यांखाली कुडकुडला होता.

बाय म्हणाली, गॅस हाय रे,
पन मिरची लाकडावर भाजली नाय
त बाटलीत नुसता लाल रंग भरायचा.
गेल्या साली घरात धूर कोंडला,
शेजारची पोर खोकून खोकून रडली,
पाद्रीने प्रार्थना चालू असताना खिडकी लावली.

चूल मी भिंतीपासून दीड हात पुढे ओढली.
खाली पत्रा, त्यावर विटा,
तोंडापुढे हातभर जमीन मोकळी,
ठिणगी पडली तर तिला खायला काही मिळू नये म्हणून.
बायने तिथेच पाट ठेवला.
मी उचलला. तिने ठेवला. मी उचलला.

मग दोघांनी वर बघितलं.

भिंतीतून ने, म्हणाली. कौल काढू नको.
भिंतीतून नेला तर दोन वाकणं येतात, बाय,
आणि धूर आळशी. वाकणाशी बसतो,
काजळी धरतो,
एक दिवस काजळीच पेट घेते आणि वासे विचारत नाहीत.

मग ऱ्हाऊ दे चूल.

शिडीवर बसल्या बसल्या मला दिसलं:
प्रत्येक कौलाच्या पोटाला पेन्सिलीचा आकडा.
गोदीतून सुटून, रविवारी रविवारी,
इनासने एकट्याने शाकारलेलं छप्पर.
सहाशे बारा.
झोप नाय आली त मी मोजते, म्हणाली,
दोनशे चौदावर डोला लागतो.

माझ्या डोक्यावर होतं एकशे शहाण्णव.

काही बोललो नाही. विटा उचलल्या,
चूल सव्वा हात आत घेतली, पुन्हा रचली.
मजुरी धरली नाही, धरायला हवी होती.
दोनशे चव्वेचाळीस काढलं.
पाइप सरळ वर, आढ्याच्याही दोन फूट वर,
वाशापासून वीतभर लांब,
मधे पत्र्याची कॉलर, डोक्यावर टोपी.

ऐक आता. सुरूचं लाकूड, वर्षभर वाळलेलं.
किनाऱ्यावरच्या फुटक्या होडीची फळी नको,
मीठ पाइप खातं आणि रंग तुला.
आधी एक कागद पेटवून पाइपाच्या तोंडाशी धर,
गार पाइप धूर परत पाठवतो.
राख पत्र्याच्या बादलीत, अंगणात, एक रात्र;
वरून थंड दिसते, पोटात जागी असते.
आणि खिडकी दोन बोटं उघडी, थंडी असली तरी.
कोंडल्या निखाऱ्याच्या वायूला वास नसतो,
तो कौलं मोजू देत नाही.
पहिल्यावरच झोपवतो.

बाय काही बोलली नाही.
उठून खिडकीची कडी काढून आली.

महिन्यातून एकदा पाइप काठीने ठोक.
टण वाजला तर साफ,
धप वाजला तर मला फोन कर.

डिसेंबरात फोन आला. मास्तर, धप वाजतंय.
ब्रश घेतला, पोतं घेतलं, तर गाठली.
चुलीपुढच्या मोकळ्या जागेत
पाटाऐवजी कौल होतं, आकडा वर करून,
त्यावर दोन-तीन ठिणग्यांचे काळे ठिपके.

मी पाइप ठोकला. टण.
पुन्हा, जरा वर. टण.

बायने चहा आधीच टाकला होता.
दोन कप.